दुसऱ्या कुंडीला खत

पद्माकररावांनी आपल्याच बायकोच्या पुरणपोळीला तिसरा नंबर दिला, त्या संध्याकाळचं भांडण मी भिंतीपलीकडून अथपासून इतिपर्यंत ऐकलं. कान लावून नाही. सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरांच्या भिंतीच तशा होत्या. शेजारी कुकरची शिट्टी झाली की आपण उठून आपला गॅस बारीक करायचा.

मंडळाच्या गणपतीत बायकांची पाककलेची स्पर्धा असायची. दिल्लीत राहून हात बिघडायला नकोत, म्हणून. परीक्षक पद्माकरराव. सेक्शन ऑफिसर, आणि माणूस सरळ, असा त्यांचा लौकिक. ताटल्यांच्या बुडाला चिठ्ठ्या चिकटवलेल्या, वर कुणाचं नाव नाही. त्यांनी एकेक घास खाल्ला, नंबर लावले, मग ताटल्या उचलून चिठ्ठ्या वाचल्या, आणि इंदुमती तिसरी आली.

घरी आल्यावर इंदुमतीनं विचारलं, इतकी वर्षं खाल्लेली पोळी ज्याला ओळखता येत नाही तो नवरा कसला. पद्माकरराव म्हणाले, ओळखली होती, पहिल्या घासालाच. झालं. ओळखूनसुद्धा तिसरा दिला हे कळल्यावर पलीकडे जे पातेलं आदळलं, त्यानं आमच्याकडचं कॅलेंडर हललं. तिनं माहेर काढलं, त्यांनी नियम काढला. नियमाला माहेर आवरेना आणि माहेराला नियम पटेना.

मध्येच एक बारीक आवाज आला. "आई, पोळी कडेला फाटली होती. मी पण पाहिली."

ती संपदा. दुसरीत असेल तेव्हा. मी म्हटलं, आता पोरीच्या पाठीत बसतोय धपाटा. पण इंदुमतीला हसू फुटलं. म्हणाली, मला वाटलं होतं बापाचं नुसतं नाकच उचललंय. मग उरलेल्या पोळ्या तिघांनी खाल्ल्या, आणि दोन मागच्या अंगणातून माझ्याकडे आल्या. फाटलेल्याच होत्या. चवीला पहिल्या नंबरच्या.

त्याच सुमाराला सरकारनं देशाची दारं बाहेरच्या कंपन्यांना उघडली, असं आमचे हे पेपर वाचून सांगायचे. आमच्या दारात त्यातून पहिल्यांदा कोण आलं, तर हप्त्यानं रंगीत टीव्ही विकणारा. पण हळूहळू सगळ्यांच्याच डोक्यात घराचं वारं शिरलं. कर्मचाऱ्यांची सोसायटी निघाली, यमुनेपलीकडे नोएडात प्लॉट मिळाले. तिकडे तेव्हा मोहरीची शेतं होती, सकाळी गच्चीवर मोर यायचा, आणि स्कूटरवाला, म्हणजे रिक्षावाला, पूल ओलांडायला दुप्पट भाव सांगून वर तोंड वाकडं करायचा. पद्माकररावांनी आमच्या शेजारचाच प्लॉट घेतला. पैसे वाचावेत म्हणून मधली भिंत एकच बांधली. म्हणजे सरकारी क्वार्टर सुटलं, भिंत काही सुटली नाही.

त्या घरात संपदा मोठी झाली. उंच, सडपातळ, केसांचा बुचडा करून त्यात पेन खोचणारी. घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. त्यामुळे तिला राग कुठल्या भाषेत येतोय ते पाहून आम्ही समजायचो की राग किती मोठा आहे. मराठीतला लवकर जायचा. लग्न केलं नाही. इंदुमती पुण्यामुंबईची स्थळं आणायची, ही त्या मुलांना इतके प्रश्न विचारायची की मुलंच घाबरून कळवतो म्हणायची. एक मात्र सांगते, त्यांतल्या दोघांचे तिला अजून दिवाळीला फोन येतात. तिच्या प्रश्नांमुळे आपली नोकरी बदलली, असं एकानं इंदुमतीला स्वतः सांगितलं.

शिकायला ती दक्षिण दिल्लीत मुनिरकाला खोली घेऊन राहिली आणि पुढं तिथंच राहिली, कारण नोकऱ्या गुडगावच्या दिशेला निघाल्या. पद्माकरराव गेले तेव्हा तिनं आईला मुनिरकाला नेण्याचा घाट घातला होता. इंदुमतीनं एकदा तो जिना पाहिला, वरून लोंबणाऱ्या वायरी पाहिल्या, आणि म्हणाली, मी इथं चढले तर माझी तेरवीही वरच करावी लागेल. तेव्हा ठरलं की आई नोएडात माझ्या शेजारी, लेक मुनिरकाला, आणि रविवारी भेट.

संपदाचं काम काय, हे मला बरीच वर्षं नीट कळलं नव्हतं. आधी ती सरकारी योजनांच्या मागे फिरायची. बायकांना शिलाई मशिनी वाटल्या, त्यांतल्या चालू किती आणि कपडे वाळत घालायला वापरात किती, असं बघायला. मग गुडगावला एका ऑफिसात लागली. ते ऑफिस बाहेरदेशीच्या कुणा संस्थेचं होतं, आणि ती संस्था क्रिप्टोवाली. आता क्रिप्टो म्हणजे काय, तर पैसा आहे पण हातात येत नाही, सरकारनं छापलेला नाही. जगभरच्या कॉम्प्युटरांनी मिळून साक्ष द्यायची की हे याचं आणि ते त्याचं. मी संपदाला म्हटलं, म्हणजे पैशाला गाव जमवून साक्षीदार. ती म्हणाली, काकू, एवढं कळलं तर बस, आमच्या ऑफिसात पुष्कळांना एवढंही नाही कळत.

तर त्या क्रिप्टोच्या नाण्यावर नवेनवे उद्योग काढायला तरुण पोरं धडपडायची. त्यांना ते प्रोजेक्ट म्हणतात. आणि त्या पोरांना शिकवायला, आधार द्यायला जागोजागी प्रोग्राम निघाले होते. काही महिने बसायला जागा, मोठमोठ्या लोकांची व्याख्यानं, शेवटी स्टेजवर झगमगाट आणि टाळ्या. त्या प्रोग्रामांना ही संस्था पैसे पुरवायची. पण कुठल्या प्रोग्रामानं पोरांचं खरंच भलं होतं आणि कुठं नुसतेच टाळ्या-समोसे, हे कुणी बघायचं? ते संपदा बघायची.

मी म्हटलं, त्यात बघायचं काय. ज्याची पोरं पुढं आली तो चांगला.

तिनं विचारलं, "काकू, तुझ्या मोगऱ्याच्या दोन कुंड्या धर. एकीला खत घातलंस, दुसरीला नाही. पुढं दोन्हींना सारखीच फुलं आली, तर खतवाल्याला पुन्हा बोलावशील?"

"कशाला बोलावू?"

"बस. पण लोक मला फक्त खतवाली कुंडी दाखवतात. मी दुसरी शोधत फिरते."

मला पटलं. आमच्याकडे कोचिंग क्लासवाले चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लावतातच की. मुळात हुशार तेवढीच पोरं आत घ्यायची आणि मग निकाल आमचा म्हणून ढोल वाजवायचा. म्हणून संपदा काय करायची, प्रोग्रामवाल्यांनी ज्यांना घेतलं त्यांनाही विचारायची आणि ज्यांना दारातून परत पाठवलं त्यांनाही. दोघांना तेच प्रश्न. काय बनवलंत, ते कुणी वापरतं का, अडलं तर कुणाला फोन करता, आणि एखादी खुळी कल्पना वेळेवर सोडून दिलीत का. या शेवटच्या प्रश्नाला 'हो' म्हणणारा तिच्या लेखी फार शहाणा.

समारंभाला ती कधी जात नसे. दुसऱ्या दिवशी जायची, खुर्च्या एकात एक घालून ठेवत असतील तेव्हा. आणि काम होईपर्यंत तिथलं पाणीसुद्धा प्यायची नाही. गुडगावला एकदा एका साहेबांनी तिला सोफ्यावर बसवून बदाम पुढं केले आणि आपल्या यशाचे फोटो दाखवले. हिनं जे मधूनच सोडून गेले त्यांचे नंबर मागितले.

साहेब म्हणाले, "मॅडम, वो तो निगेटिव्ह लोग हैं."

"जी, वही चाहिए," संपदा म्हणाली.

आमचे हे गेल्यावर मी वरचा मजला भाड्यानं दिला होता. करोना ओसरला आणि पुण्याची मयुरा तिथं राहायला आली. आयटीतली चांगली नोकरी सोडून आलेली, गोल चष्म्याची, हसली की खोकल्यासारखं हसणारी. तिनंही असाच एक छोटा प्रोग्राम काढला होता, त्याचं नाव पायरी. मागच्या खोलीत ती राहायची, पुढच्या मोठ्या खोलीत प्रोग्राम चालायचा. पैसे याच गुडगावच्या ऑफिसाकडून. सबंध हिंदुस्थानातून अर्ज यायचे. दूरच्यांना ती फोनवर कळवायची, पण दिल्लीच्या आसपासच्यांना बोलावून घ्यायची, ऐकायची, आणि घेणार की नाही ते तोंडावर सांगायची. तिचं म्हणणं, नकार तरी माणसानं माणसाला द्यावा.

नकार वर मिळायचा, पण तो घेऊन जिना उतरायचा माझ्या व्हरांड्यात. आणि व्हरांड्यात दुपारभर इंदुमती. तिच्या घराला पश्चिमेचं ऊन, म्हणून ती जेवण उरकलं की माझ्याकडे यायची. येताना डबा. तोंड पाडून जिना उतरणारं पोर दिसलं की तिचा हात डब्याकडे गेलाच. "नहीं लिया? कोई बात नहीं बेटा, बैठ. थालीपीठ खा." पोरगं कसंनुसं बसायचं. तेवढ्यात वरची, म्हणजे घेतलेली पोरं चहाला खाली यायची, कारण वरच्या मशीनचा चहा त्यांना औषधासारखा लागायचा. मग एकमेकांचं काय अडलंय ते निघायचं. एक सांगायचा, दुसरा त्यातली चूक काढायचा, तिसरी लॅपटॉप मांडीवर घेऊन ती दुरुस्त करायची. परत पाठवलेली पोरं दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. वर जाण्यासाठी नाही. खालीच.

पानिपतचा गुरविंदर या व्हरांड्यातल्या मंडळींतलाच एक, पण वर घेतलेला. त्यानं गाव सांगायला आणि इंदुमतीनं त्याचा हात हातात घ्यायला एकच गाठ पडली. तिनं त्याला अख्खी लढाई सांगितली. संक्रांतीला मंडळाची बस काला अंबच्या स्मारकाला जाते, तिथं आम्ही नारळ फोडतो, डोळ्यांत पाणी येतं, सगळं. गुरविंदर मान खाली घालून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "आंटी, हमारी तो वहाँ कंबल की फॅक्टरी है." मयुरा खोकल्यासारखी हसत जिन्यावर बसली. पुढच्या हिवाळ्यात आम्हा दोघींना दोन कांबळी आली. लढाईनंतर इतक्या वर्षांनी पानिपतहून काहीतरी परत मिळालं, असं इंदुमती येईल-जाईल त्याला सांगायची.

असं मजेत चाललं होतं, आणि पायरीची परीक्षा करायची पाळी आली. काम आलं संपदाकडे.

तिनं ऑफिसात आधीच सांगून टाकलं की हा प्रोग्राम माझ्या आईच्या शेजारच्या घरात आहे, हे दुसऱ्याला द्या. दुसरं कुणी मोकळं नव्हतं. मग तिनं अट घातली की मला दिल्लीच्या आसपासच्या पोरांचे नुसते फोन नंबर द्या. यातला कोण घेतलेला आणि कोण परत पाठवलेला हे फक्त सिद्धांतला माहीत असेल. सिद्धांत म्हणजे तिच्याबरोबर काम करणारा, मुंबईचा मुलगा. काम संपेपर्यंत तिनं रविवारी माझ्याकडे यायचंही बंद केलं. यायची, पण भिंतीपलीकडे, आईच्याच घरात. माझ्याशी गच्चीवरून बोलायची, आणि तेही मोगऱ्याबद्दल. पोरांना तिनं ताकीद दिली होती की प्रोग्रामचं नावही काढायचं नाही, मी विचारेन तेवढंच सांगा. तिचे ते ठरावीक प्रश्न. त्यांत डब्याबद्दल प्रश्न नव्हता.

मयुराची त्या दिवसांत झोप उडाली. ऑफिसनं पैसे थांबवले तर पायरी बंद, आणि तिला पुण्याला परत. घरच्यांनी तिची जुनी नोकरी बोलून ठेवली होती. मी तिला म्हणायची, घर तुझंच आहे, भाड्याचं बघू पुढं. ती म्हणायची, आजी, भाड्याचं नाही हो. मला पहिल्यांदा असं काहीतरी सापडलंय की सकाळी घड्याळाच्या आधी जाग येते.

काम संपलं, कोण घेतलेला नि कोण नाही ते सिद्धांतनं उघड केलं. एका रविवारी संपदा आमच्या फाटकातून आत आली. डब्यात साबुदाण्याची खिचडी होती, इंदुमतीनं बशी भरून पुढं केली. हिनं ती बाजूला ठेवली. तेव्हाच मला कळलं, बातमी बरी नाही.

"मयुरा, आधी तुला सांगते, मग ऑफिसला पाठवते," ती म्हणाली. "तू घेतलेली पोरं आणि तू परत पाठवलेली पोरं, यांच्यात मला काही फरक सापडला नाही."

मयुरानं चष्मा काढला. "म्हणजे माझी पोरं काहीच शिकली नाहीत?"

"शिकली ना. बिल्कुल शिकली. इतकी चांगली मी फार कमी ठिकाणी पाहिली. पण नाही घेतलेली पण तेवढीच चांगली आहेत. मग तुझ्यामुळे काय झालं, हे मी कसं लिहू?"

मयुरा जिन्याच्या पायरीवर बसली आणि पदर नसलेल्या कुडत्याच्या टोकानं चष्मा पुसत राहिली. संपदाचाही चेहरा उतरला होता, पण ती नजर काही चुकवत नव्हती. हे तिचं बापाचं.

इंदुमतीला मात्र राहवेना. तिनं डबा आपटला. "काय मेलं सापडलं नाही म्हणतेस? चांगली आहेत तर आहेत. त्या नौशादचंच बघ. बिहारी मजुरांनी गावाकडं पैसे कसे पाठवायचे, त्याचं सगळं आधी उलटं होतं. गुरविंदरनं या इथं बसून त्याला ते सोडून द्यायला आणि नवं करायला लावलं. आणि ती कांदा न खाणारी, ती तर रडत आली होती. आज कशी चुरूचुरू बोलते."

संपदा आईकडे बघत राहिली. "आई, नौशाद तुला कसा माहीत? मयुरानं त्याला घेतलंच नव्हतं."

"घेतलं नव्हतं म्हणून तर माहीत," इंदुमती म्हणाली. "घेतलेली पोरं वर असतात. न घेतलेली खाली."

मग संपदानं केसांतलं पेन काढलं, आईसमोर वेताचा मोढा बसायला ओढला आणि तिला तिचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. कोण कोण येतं, कधीपासून, किती वेळ बसतात, कुणाशी बोलतात. इंदुमतीनं नावं कमी आणि आवडीनिवडी जास्त सांगितल्या. लसूण चटणीवाला, दोन चमचे साखरवाला, आईची आठवण काढणारी. संपदाला त्यातूनही माणसं कळत होती, कारण सगळ्यांशी ती फोनवर बोललेली. एकेक जण ओळखू यायला लागला तशी ती डोक्याला हात लावून हसायला लागली.

"काकू, मी दोन कुंड्या घेऊन बसले होते," ती मला म्हणाली, "आणि दुसऱ्या कुंडीला माझी आई रोज खत घालत होती."

"मग काय उपाशी परत पाठवायची?" इंदुमती म्हणाली. "तुझ्या अभ्यासासाठी?"

मयुरानं चष्मा लावला. तिच्या आवाजात जीव आला होता. "संपदाताई, म्हणजे माझा प्रोग्राम चांगला ठरला ना?"

"रुक जरा. तुझा प्रोग्राम अजून काहीच ठरला नाही. आत्ता फक्त माझा अभ्यास वाईट ठरलाय."

आणि तिनं खिचडीची बशी ओढून घेतली. मला वाटलं, आता ती दोन गोड ओळी लिहून मोकळी होईल, सगळ्यांचीच सोय. पण ती संपदा. ऑफिसला तिनं कळवलं की माझी तुलना माझ्याच आईनं बिघडवली, मला मुदत द्या. असं कारण त्या ऑफिसात आधी कुणी दिलं नव्हतं. सिद्धांतनं म्हणे ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मुदत हसण्यावारी मिळाली.

मग तिनं तिसरी कुंडी शोधली. मयुरानं ज्यांना फोनवर नकार कळवला होता, ती दूरची पोरं. कुणी इंदूरचं, कुणी गुवाहाटीचं. त्यांनी ना वरची खोली पाहिली होती, ना खालचा डबा. त्यांना तिनं तेच प्रश्न विचारले. पुष्कळजण अडले तिथंच अडून बसले होते. खुळी कल्पना उराशी धरून बसलेलेही बरेच, कारण ती खुळी आहे हे तोंडावर सांगणारं त्यांना कुणी भेटलंच नव्हतं. मग तिनं वरच्या-खालच्या सगळ्यांना पुन्हा फोन करून आणखी एकच गोष्ट विचारली, की तुमच्या कामात बदल झाला तो कशामुळे. सिंगापूरहून आलेल्या व्याख्यात्याचं नाव एकालाही सांगता आलं नाही. नीचे वाली चाय, असं मात्र जवळजवळ सगळेच म्हणाले.

तिनं लिहिलेलं तिनं आम्हाला मराठी करून ऐकवलं. इथं काहीतरी उपयोगाचं घडतंय. ते व्याख्यानांनी घडतंय असं दिसत नाही. निवडलेले आणि न निवडलेले एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढतात, त्यानं घडत असावं. पण दूरच्या पोरांना दिल्लीतल्या ओळखीपाळखीही मिळाल्या नाहीत, तेव्हा सगळंच श्रेय या घराला देता येणार नाही. आणि मी या घराच्या जवळची आहे, म्हणून पुढच्या खेपेला परीक्षा दुसऱ्यानं करावी.

"माझं नाव कुठं आहे?" इंदुमतीनं विचारलं.

"आहे की. 'तळमजल्यावरील अनौपचारिक आधार.'"

"मी अनौपचारिक? रोज न्हाऊन, वेणी घालून बसते मी."

ऑफिसनं पायरीला आणखी एक वर्ष दिलं. व्याख्यानं कमी करा, आणि खाली जे चोरून चालतं ते उघड चालवा, असं सांगून. मयुराला आधी जरा लागलं. सिंगापूरवाल्याला आणायला तिनं किती खटपट केली होती, आणि तो साबुदाण्याकडून हरला. पण ज्या दिवशी कळलं त्या दिवशी तिनं वरच्या खुर्च्या जिन्यावरून स्वतः खाली ओढत आणल्या. माझ्या व्हरांड्याला रंग दिला. नौशाद नि गुरविंदरनं पंखा टांगला, तो अजूनही एका बाजूला कलून फिरतो. दुपारी मला माझ्याच घरात बसायला जागा मिळेनाशी झाली, आणि मयुराचं पुण्याचं तिकीट निघालं ते फक्त दिवाळीचं, तेही जाऊन येऊन.

पुढं त्या नाण्यांचा भाव पडला. का पडला ते मला विचारू नका, चढला होता तेव्हाही मला कुणी सांगितलं नव्हतं. पायरीनं तोवर दुसरीकडून मदत मिळवली होती. संपदाचं गुडगावचं ऑफिस मात्र आवरतं घ्यायचं ठरलं. तिला त्याचं फारसं वाटलं नाही. गुवाहाटीकडे शाळांचं काही काम होतं, तिथं बोलावणं आलं. तिकडं मुलांना वाचायला शिकवणारे बरेच प्रोग्राम आहेत म्हणे, आणि दुसऱ्या कुंड्या भरपूर. इंदुमतीनं लगेच जाहीर केलं की आपण हिवाळ्यात जाणार, आणि डबा बांधायला कुठली पानं मिळतात ते आधी कळव.

त्या ऑफिसातल्या तिच्या शेवटच्या दिवशी मी तिच्याबरोबर होते. माझा मोतिबिंदू दाखवायला सकाळी मोठ्या इस्पितळात गेलो होतो, आणि ती मला घरी सोडणार होती. ऑफिसात केक कापायचा होता, सिद्धांतचे दोनदा फोन आले. ती म्हणाली, काकू, आधी मुनिरकाला एक काम आहे, चालेल ना. आदल्या दिवशी गुडगावच्या कुठल्याशा प्रोग्रामाचा मोठा सोहळा झाला होता. त्या प्रोग्रामातून मधूनच बाहेर पडलेली एक बाई तिथं राहायची, तिला भेटायचं होतं.

अरुंद गल्ली, दोन जिने, टांगलेल्या वायरी. मी रेलिंग धरून चढले. वर एक तिशीतली बाई, केस ओले, खोलीभर कपडे वाळत घातलेले. तिनं आम्हाला बसवलं आणि संपदाला विचारलं, "दीदी, सुना आपका ऑफिस ही बंद हो रहा है. अब लिखकर क्या करेंगी?"

"बंद तो परसों होगा," संपदा म्हणाली. "आज तो खुला है."

तिनं खुर्ची पुढं ओढली, केसांतलं पेन काढलं, आणि मधूनच का सोडलंत, ते कधी मनात आलं, असं पहिल्यापासून विचारायला लागली. बाई आधी तुटक बोलत होती, मग तिला सूर सापडला. मी खिडकीतून खाली पाहिलं. भाजीवाल्यानं नुकती मेथी मांडली होती, कोवळी, लहान पानांची. मी त्याला वरूनच खूण केली की थांब, येते, पण वेळ लागेल.